विजयनगर आधी पाहा

माजी सैनिकांना सीमेवर जमिनी देऊन वसवा, म्हणजे सीमा आपोआप राखली जाईल, ही सूचना आपल्या मेसमधल्या गप्पांत हमखास निघते. मीही ती तावातावाने मांडलेली आहे. आता मांडत नाही, कारण हा प्रयोग आपण एकदा केलेला आहे.

अरुणाचलच्या चांगलांग जिल्ह्यातलं विजयनगर तीन बाजूंनी म्यानमारने वेढलेलं आहे. १९६१ मध्ये मेजर जनरल ए. एस. गुराया यांच्या नेतृत्वाखाली आसाम रायफल्सची मोहीम तिथे पोचली. ठाण्याला नाव मिळालं त्यांच्या मुलाचं, विजयचं. ६२ च्या युद्धानंतर हा कोपरा मोकळा ठेवणं धोक्याचं वाटू लागलं. मग आसाम रायफल्समधून निवृत्त झालेल्या जवानांची सुमारे २०० कुटुंबं, बहुतेक गुरखा, तिथे नेऊन वसवली.

आपल्या साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीचा जवान पेन्शनीत निघाला की ट्रंक घेऊन स्वतःच्या घरी येतो. या जवानांनी निवृत्तीनंतर जंगल तोडून घर उभं केलं. मियाओ १५७ किलोमीटर दूर, वाट नामदाफाच्या अरण्यातून. कित्येक दशकं धड रस्ता नव्हता. मीठसुद्धा पाठीवर वाहून आणायचं. धावपट्टी होती, तीही मध्यंतरी बंद पडली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे पुन्हा एएन-३२ उतरलं.

शिवाय ते खोरं रिकामं नव्हतं. लिसू लोक तिथे आधीपासून राहत होते. आपली जमीन वसाहतीत गेली, ही त्यांची तक्रार आजही आहे. वसाहतीतल्या लोकांना पंचायतीत मत असावं का, या वादातून डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या सरकारी कचेऱ्या पेटल्या.

माझ्या मते दोन्ही बाजूंचं गाऱ्हाणं खरं आहे. हुकूम मानून गेलेल्या जवानाच्या नातवाला उपरा म्हणणं अन्याय आहे आणि लिसूंना न विचारता त्यांचं खोरं वाटणं हाही अन्यायच. चूक वसवणाऱ्याची. माणसं नेऊन सोडली, पण जमिनीचा आणि हक्कांचा निकाल लावला नाही.

आज सीमेवरच्या गावांसाठी नव्या योजना येत आहेत, चांगलंच आहे. पण पहिलं कुटुंब हलवण्याआधी तिथल्या मूळ लोकांशी बसून बोला, कागद पक्के करा, रस्ता न्या. पोस्टिंग दोन-तीन वर्षांत संपते. वसवलेल्या माणसाची बदली होत नाही.