सफदरचे हसू

हुतात्म्यांच्या वाट्याला एक अन्याय हमखास येतो. ज्या मृत्यूने त्यांना मोठे केले, तोच मृत्यू त्यांचे उरलेले सारे आयुष्य झाकून टाकतो. सफदर हाश्मी याच्या बाबतीत असेच घडले आहे. १ जानेवारी जवळ आली की डाव्या चळवळीच्या कार्यालयांतून त्याची तसबीर पुसली जाते, तिला हार पडतो, 'अमर रहे'चा घोष होतो, दोन भाषणे होतात आणि तसबीर पुन्हा भिंतीवर जाते. यात गैर काही नाही. परंतु या भाषणांतून भेटतो तो मारला गेलेला सफदर. जगलेला सफदर क्वचितच भेटतो. आणि जगलेला सफदर हा प्रथम हसणारा व हसविणारा माणूस होता. हे विसरणे म्हणजे त्याच्या कार्याचा गाभाच विसरणे होय.

सफदरचा जन्म १२ एप्रिल १९५४ चा, दिल्लीचा. इंग्रजी साहित्याचा हा विद्यार्थी विद्यार्थी चळवळीत आला आणि १९७३ मध्ये स्थापन झालेल्या 'जन नाट्य मंचा'च्या संस्थापकांपैकी एक झाला. काही वर्षे त्याने प्राध्यापकी केली, वृत्तपत्रांत काम केले, पश्चिम बंगाल सरकारच्या दिल्लीतील माहिती कार्यालयात अधिकारपदही सांभाळले. आणि पुढे ती स्थिर नोकरी सोडून देऊन तो पूर्ण वेळ नाटकाचा व पक्षाचा झाला. लहान मुलांसाठी त्याने कविता लिहिल्या, दूरदर्शनसाठी संहिता लिहिल्या, भित्तिपत्रके रंगविली. गाण्यात, चित्रांत, गप्पांत रमणारा हा तरुण त्यागाची जपमाळ ओढणाऱ्यांपैकी नव्हता. त्याला आपले काम मनापासून आवडत होते, इतकेच.

पथनाट्य हा प्रकार त्याने हाती घेतला त्यामागे कोणतीही सौंदर्यशास्त्रीय हौस नव्हती. साधा जमाखर्च होता. आणीबाणीनंतर कामगार संघटनांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. मंच, पडदे, दिवे आणि ध्वनिक्षेपक यांचा खर्च सोसून मोठी नाटके लावणे त्यांना शक्य नव्हते. मोठे नाटक लोकांपर्यंत नेता येत नसेल, तर नेता येईल एवढे छोटे नाटक करावे, हा निष्कर्ष मंचाच्या तरुणांनी काढला. त्यातून ऑक्टोबर १९७८ मध्ये 'मशीन' उभे राहिले. अवघ्या १३ मिनिटांचे नाटक. नेपथ्य नाही, सामान नाही. नट एकमेकांत हात गुंफून व तोंडाने आवाज काढून यंत्र बनतात. यंत्र एकाएकी बंद पडते, आणि त्याच्या सुट्या भागांतून कामगार, मालक व रखवालदार बाहेर पडतात.

या नाटकामागची घटना मात्र हसण्याजोगी नव्हती. दिल्लीनजीकच्या गाझियाबाद भागातील एका कारखान्यात सायकली ठेवायला जागा आणि चहापाण्याला उपाहारगृह, एवढ्याच मागण्या कामगारांनी केल्या होत्या. त्यावर रखवालदारांनी गोळीबार केला आणि कामगार मृत्युमुखी पडले. सफदर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे प्रेक्षकांपुढे रडून मांडले नाही. मागणी किती लहान आणि उत्तर किती राक्षसी, या विसंगतीवरच त्यांनी बोट ठेवले. प्रेक्षक आधी हसतो आणि मग आपण कशाला हसलो हे त्याच्या ध्यानात येते. ते ध्यानात येणे हेच राजकीय शिक्षण होय. व्याख्यानाने जे तासाभरात साधत नाही, ते तेरा मिनिटांत साधले.

हीच रीत त्याने पुढे चालविली. १९७९ मध्ये दिल्लीच्या बसचे भाडे वाढले, तेव्हा 'डीटीसी की धांधली' हे प्रहसन लगोलग तयार झाले. त्याच वर्षी 'औरत' आले. १९८८ मध्ये प्रेमचंदांच्या 'सत्याग्रह' या कथेवरून 'मोटेराम का सत्याग्रह' हे रंगमंचीय नाटक उभे राहिले. दिग्दर्शन हबीब तन्वीर यांचे होते. व्हाइसरॉयच्या भेटीच्या वेळी होणारा हरताळ मोडण्यासाठी उपोषणाला बसविलेला खादाड पंडित ही प्रेमचंदांची कल्पना. धर्म आणि सत्ता यांची हातमिळवणी कशी होते, हे सांगण्यासाठी सफदरला मोटेरामाची भूक पुरली.

महाराष्ट्राला हे परके वाटू नये. सत्यशोधक जलशांनी भटजीची फजिती मांडून बहुजनांना शहाणे केले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावात हेच केले. तमाशातला सोंगाड्या राजाला जे ऐकवतो ते दरबारातला प्रधान ऐकवू शकत नाही, हे मराठी माणसाला निराळे सांगावे लागत नाही. सफदर या वंशातला होता.

नोव्हेंबर १९८८ मध्ये दिल्ली परिसरातील कामगारांनी सात दिवसांचा संप केला. त्या संपाच्या प्रचारासाठी केलेल्या 'चक्का जाम' या नाटकातून 'हल्ला बोल' तयार झाले. त्यात हवालदार नटांना अडवितो. मग ते प्रेमकथा करू लागतात. परंतु प्रियकराच्या तुटपुंज्या पगारात संसार उभा राहीना, म्हणून प्रेमकथेतही किमान वेतनाचा प्रश्न शिरतोच! १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत हे नाटक चालू होते. नगरपालिकेच्या निवडणुकीचे दिवस होते. काँग्रेसचा पाठिंबा असलेल्या उमेदवाराची मिरवणूक तेथे आली. थोडे थांबा किंवा दुसऱ्या वाटेने जा, असे सफदरने सांगितले. उत्तर लाठ्यासळ्यांनी मिळाले. इतरांना निसटता यावे म्हणून तो कामगार संघटनेच्या कचेरीचे दार रोखून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी रात्री इस्पितळात त्याचे निधन झाले. वय अवघे ३४ वर्षे. त्याच हल्ल्यात राम बहादूर हा नेपाळहून आलेला कामगार गोळी लागून ठार झाला. सफदरचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाने हेही नाव घेतले पाहिजे.

४ जानेवारीला सफदरची पत्नी मलयश्री आणि तिचे सहकारी झंडापूरला परत गेले आणि अर्धवट राहिलेले नाटक त्यांनी पूर्ण केले. या प्रसंगाच्या धैर्याबद्दल पुष्कळ बोलले गेले आहे. त्यातील एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते. ते नाटक विनोदी होते. पतीच्या निधनाला दोन दिवस झालेल्या स्त्रीने त्याच जागी उभे राहून लोकांपुढे विनोदी नाटक केले, कारण काम तेच होते. गुंडांना जे बंद पाडायचे होते ते घोषणा देणे नव्हते. घोषणांना ते सरावलेले असतात. त्यांना आपल्यावर हसलेले खपत नाही. आरोपी दोषी ठरून त्यांना जन्मठेप झाली ती २००३ मध्ये, म्हणजे १४ वर्षांनी. न्यायाच्या या गतीवर सफदरने निश्चितच एक प्रहसन लिहिले असते.

त्या दिवशी नटसंचात असलेले सुधन्वा देशपांडे यांनी २०२० मध्ये इंग्रजीत सफदरचे चरित्र लिहिले. उपशीर्षकात त्यांनी मृत्यू आधी आणि जीवन नंतर असा क्रम ठेवला आहे. तो क्रम अर्थपूर्ण आहे. मृत्यू ओलांडून जीवनाकडे जावयाचे आहे.

कार्यकर्त्यांनी या निमित्ताने स्वतःला एक अप्रिय प्रश्न विचारावा. चळवळीच्या सभांत कलापथकाचे स्थान काय आहे? बहुधा एवढेच, की नेते येईपर्यंत गर्दी टिकवून धरावी. मोटार आली की गाणे अर्ध्यावर तुटते. नाटक म्हणजे ठरावाला संवादांचे कपडे घालणे, असा समज तर सार्वत्रिक आहे. सफदर कलेबाबत अशी सवलत मागत नव्हता आणि देतही नव्हता. उद्देश चांगला आहे म्हणून वाईट नाटक चालवून घ्यावे, हे त्याला मान्य नव्हते. कष्टकरी माणसाला उत्तम तेच द्यावे, यात त्याचा समाजवाद होता.

गरज आजही तीच आहे. २०१९ व २०२० मध्ये संसदेने चार श्रमसंहिता संमत केल्या. त्यांची कलमे वाचून कंत्राटी कामगाराला काय उमगणार? पण संपाआधी चौदा दिवसांची नोटीस हवी, म्हणून मुकादमाच्या दारात नोटीस घेऊन रांगेत उभी राहिलेली भूक त्याला दाखवा. तो हसेल, आणि समजेलही. असे नाटक ज्या तालुक्यात कोणी तरुण लिहील, तेथे सफदरची जयंती खऱ्या अर्थाने साजरी झाली असे म्हणता येईल. तसबिरीला हार घालण्यास कोणाचीच हरकत नाही. मात्र तो घालताना, आपल्याकडे पाहून हा माणूस हसला असता की काय, एवढी शंका मनात असू द्यावी.