ईमेलच्या दारावरची थाप

नोव्हेंबर महिना उजाडला की आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांत एक हलकीशी अस्वस्थता शिरते. हा हयातीच्या दाखल्याचा महिना. अहिल्यानगर हे लष्कराचे जुने ठाणे. गावोगावी माजी सैनिकांची घरे आहेत आणि त्यांचे निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीमार्फत येते. त्यांच्या जोडीला जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक आहेत, राहुरीच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले कर्मचारी आहेत, साखर कारखान्यात उभे आयुष्य घालवलेले कामगार आहेत. प्रत्येकाची मुदत आणि पद्धत थोडी निराळी. काळजी मात्र एकच, दाखला वेळेत पोहोचला ना?

पूर्वी त्यासाठी बँकेच्या बाकावर तासन्‌तास बसावे लागे. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ ही सुविधा सुरू झाली, पुढे मोबाइलसमोर चेहरा धरूनही दाखला देता येऊ लागला, आणि गुडघेदुखीने घरी बसलेल्यांची मोठी सोय झाली. या सोयीला कुणी नाके मुरडू नयेत. अडचण एवढीच की, जेथे खऱ्या पत्राची वाट पाहिली जाते तेथे खोटे पत्रही सहज खपून जाते. ‘आपला दाखला नामंजूर झाला आहे, आज सायंकाळपर्यंत खालील लिंकवर माहिती भरा, अन्यथा निवृत्तिवेतन थांबेल’ असा ईमेल जून महिन्यात आला तर आपण हसून सोडून देऊ. नोव्हेंबरात आला तर हात थरथरतो. आपल्याकडे आणखी एक निमित्त आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. ‘पत्त्यातील जिल्ह्याचे नाव बदलून घ्या’ अशी सूचना कुणी पाठवली, तर ती कुणालाही खरीच वाटेल.

ईमेलची एक गोष्ट प्रथम समजून घेतली पाहिजे. पत्रावर पाठवणाऱ्याचे जे नाव दिसते ते पाठवणाऱ्यानेच लिहिलेले असते. जुन्या आंतरदेशीय पत्राच्या मागे कुणीही कुणाचेही नाव लिहू शकत असे आणि पोस्टमन त्याची शहानिशा करीत नसे, तसेच हे. म्हणून नावावर बोट ठेवून त्यामागचा पूर्ण पत्ता उघडून पाहावा. तो वाचण्याची रीत आपल्याला पाठच आहे. आपण लिहितो, ‘मुक्काम अमुक, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर’. घराला ‘शिर्डी निवास’ असे नाव दिल्याने घर शिर्डीत जात नाही. गाव ठरते ते पत्त्याच्या शेवटच्या भागावरून. संगणकाच्या पत्त्याचेही खरे ठिकाण शेवटीच असते. ईमेलमध्ये ‘ॲट’च्या चिन्हानंतरचा भाग पाहावा, संकेतस्थळात पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा, आणि तो उजवीकडून वाचीत यावे. भारत सरकारचे पत्ते ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’ असे संपतात. ‘जीवनप्रमाण डॉट गव्ह डॉट इन’ हे खरे ठिकाण. परंतु त्याच्यापुढे आणखी एक टिंब देऊन ‘डॉट पेन्शन अपडेट डॉट कॉम’ असे काही जोडलेले असेल, तर घराची पाटी सरकारी आहे आणि जिल्हा भलताच, असे समजावे.

बँकांच्या बाबतीत आता हे काम थोडे सोपे झाले आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना, सहकारी बँकांनाही, आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले. हा शेवट केवळ बँकांनाच मिळतो. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांचे जाळे मोठे आहे, म्हणून हेही सांगितले पाहिजे की, पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या नावापुढे हा शेवट दिसणार नाही. तिच्या कामासाठी शाखेत जाणे किंवा पासबुकावरील क्रमांकावर फोन करणे हेच उत्तम.

तरीही पत्ता पारखणे ही अर्धीच खबरदारी आहे, कारण पत्त्याचेही हुबेहूब सोंग आणता येते. त्यामुळे मी ज्येष्ठांना पारखण्यापेक्षा एक सवय लावून घ्यावी असे सुचवीन. पत्राने दाखवलेल्या दाराने आत जाऊ नये. आपल्या ओळखीच्या दाराने जावे. बँकेचा ईमेल आला, तर त्यातील लिंकला हात न लावता ईमेल बंद करावा आणि बँकेचे ॲप स्वतः उघडावे. दाखल्याची सूचना आली, तर वहीत लिहून ठेवलेला पत्ता स्वतः टंकलिखित करावा. सूचना खरी असेल तर ती तेथेही दिसेल. पाच मिनिटे अधिक जातील, जाऊ द्यावीत.

हीच सवय शोधयंत्रावरही उपयोगी पडते. जिल्ह्यातील प्रत्येक कुटुंबाला दूरच्या नातेवाइकांचा फोन येतो, ‘शिर्डीला येतोय, भक्तनिवासात खोली मिळते का बघा’. मग शोधयंत्रात ‘शिर्डी खोली’ असे लिहिले जाते, आणि सर्वांत वर जे दिसते ते कित्येकदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते. साईबाबा संस्थानचा पत्ता ‘साई डॉट ओआरजी डॉट इन’ असा आहे. तो सरळ लिहावा. बँकेच्या किंवा गॅस एजन्सीच्या ग्राहक सेवेचा क्रमांकही शोधयंत्रावर शोधू नये. तेथे भामट्यांनी आपले क्रमांक पेरलेले असतात. तो कार्डाच्या पाठीवर, पासबुकावर किंवा बिलावर छापलेला असतो.

आता ईमेलबरोबर किंवा व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फायलींविषयी. लग्नसराईत पत्रिकांचा पाऊस पडतो आणि त्यातच एखादी घातक फाइल मिसळलेली असते. तिचे नाव ‘लग्नपत्रिका’ असते, शेवट मात्र ‘एपीके’ असा. लग्नपत्रिका हे एक चित्र असते किंवा पीडीएफ. ती मोबाइलमध्ये ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. वाहनाचे चलन, शेतकरी योजना, वीज तोडण्याची सूचना यांच्या नावाने येणाऱ्या ‘एपीके’ फायलींनाही हेच लागू. ती फाइल उघडली, तर आपले संदेश आणि त्यांतील ओटीपी परक्याच्या हाती जाऊ शकतात. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. परंतु ‘मदत करतो’ म्हणून ‘ॲनीडेस्क’सारखे ॲप घ्यायला लावणाऱ्याला ओटीपी विचारावाच लागत नाही, तो आपल्या पडद्यावर स्वतःच वाचतो. हे फार कमी जणांच्या लक्षात येते. फोनवरील अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप घेऊ नये.

घरातील सर्व कुलपांत ईमेलचे कुलूप सर्वांत मोठे. बँकेचा, गॅसचा, रेल्वेच्या तिकिटाचा पासवर्ड विसरला, तर तो बदलण्याचे पत्र ईमेलवरच येते. ज्याच्या हाती ईमेल गेला त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा गेला. म्हणून ईमेलचा पासवर्ड इतर कशालाही वापरू नये, आणि तो लांब असावा. नातवाचे नाव व जन्मसाल हा पासवर्ड नव्हे, ती तर घराची जाहीर माहिती. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहावेत; ‘चिंच पितळ सायकल उन्हाळा’ अशा धर्तीवर. (हेच चार मात्र घेऊ नयेत, ते आता छापून आले.) पासवर्ड कागदावर लिहू नये असे सांगणारे पुष्कळ भेटतील. ज्येष्ठांच्या बाबतीत मला ते पटत नाही. चोर परदेशात किंवा परराज्यात बसलेला असतो, आपल्या कपाटापाशी नव्हे. लहानशा वहीत लिहून ती दागिन्यांच्या डब्यापाशी ठेवावी आणि घरातील एका विश्वासू व्यक्तीला ती जागा ठाऊक असावी; सर्वत्र एकच सोपा पासवर्ड वापरण्यापेक्षा हे पुष्कळ सुरक्षित. एटीएमचा पिन मात्र त्या वहीत नको. याखेरीज ईमेलच्या सेटिंगमध्ये ‘टू स्टेप व्हेरिफिकेशन’ असते, ते मुलांकडून सुरू करून घ्यावे.

यंत्राविषयी थोडेच. नातवंडांचा जुना लॅपटॉप आजी-आजोबांच्या वाट्याला येतो, आणि त्यावर बहुधा विंडोज १० असते. त्याचा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. भेट देणाऱ्यानेच तेवढे पाहावे. पडद्यावर अचानक भोंगा वाजू लागून ‘संगणकात व्हायरस शिरला, या क्रमांकावर फोन करा’ असे दिसले, तर फोन करू नये. बटण दाबून धरून संगणक बंद करावा.

आता ज्यासाठी हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात घेतला तो भाग. फसवणुकीत पैसे जातात, पण त्याआधी झोप जाते. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली भामटे व्हिडिओ कॉलवर पोलिसांचा गणवेश घालून बसतात, न्यायालयाचे बनावट आदेश दाखवतात आणि वृद्ध माणसाला दिवसेंदिवस खोलीतून हलू देत नाहीत. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चुकतात, जेवण सुटते. हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातील अशा गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे सोपवला. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूदच नाही. कॉल कापल्याने कोणताही गुन्हा घडत नाही.

या सर्व फसवणुकींत एक वाक्य हमखास असते, ‘घरात कुणाला सांगू नका’. ते ऐकताच उठून घरातील माणसाला सांगावे. घरी कुणी नसेल तर शेजारी जावे. आणि येथे काळजी घेणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. आपल्या वडिलांनी, सासूबाईंनी येऊन ‘माझ्याकडून चुकीचे बटण दाबले गेले’ असे सांगितले, तर आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघेल? ‘तुम्हाला कितीदा सांगितले होते’ हे निघणार असेल, तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत. भामट्याला तेवढेच हवे असते. मोबाइल काढून घेणे हाही उपाय नव्हे. पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकरांचा चेहरा ज्यावर दिसतो ते यंत्र काढून घेतल्याने एकटेपणा तेवढा वाढतो. त्यापेक्षा रोजच्या व्यवहाराचे खाते वेगळे ठेवून त्यात थोडीच रक्कम असू द्यावी, ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्यावी, मुदत ठेवी त्या खात्यापासून दूर ठेवाव्यात. लेकीच्या नावाने ‘अडचणीत आहे, पैसे पाठव’ असा ईमेल आला तर तिच्या जुन्या क्रमांकावर फोन करून आवाज ऐकावा. आता आवाजाचीही नक्कल होते, त्यामुळे घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा.

दार लावून हळू आवाजात फोन, जेवणावरची वासना उडणे, अचानक ठेव मोडण्याची घाई ही लक्षणे दिसली तर शांतपणे जवळ बसून विचारावे. पैशांच्या हिशेबात नव्यानेच आणि वारंवार गोंधळ होऊ लागला असेल, तर ते निष्काळजीपण समजू नये. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीलाही असे होते. डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आणि पैसे गेलेच तर? घड्याळ पाहावे. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असते; ती काढून घेतली जाण्यापूर्वी कळवले तर वाटेत रोखली जाऊ शकते. पहिला फोन १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर. लगेच दुसरा बँकेला, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातलेल्या नियमांनुसार, ग्राहकाची चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे लाज वाटून घालवलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो. त्यानंतर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ येथे किंवा सायबर पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार नोंदवावी. खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ जवळ असू द्यावी. तो ईमेल व ते संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नयेत, तपासाला तेच लागतात. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावा. १९३० हा आकडा आज मोठ्या अक्षरांत लिहून गोळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवावा, आणि त्याखाली बँकेच्या शाखेचा क्रमांक.