तारेला डोळे नसतात

टॉर्च मी धरला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते उपदेशासारखं वाटू शकतं, आणि या विषयात उपदेश करण्याचा मला फारसा हक्क नाही.

मी नववीत होते. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेले होते. मामाचं गाव बालाघाट जिल्ह्यात, लालबर्रा भागात. घरापासून जंगल फार लांब नाही. त्या वर्षी मामाच्या बांध्यांत चिन्नौर होतं. बालाघाटच्या या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही सगळे फार खूश झालो होतो. पण चिन्नौरची एक अडचण आहे. ते उशिरा पिकतं. आजूबाजूचं हलकं धान कापून झालं तरी हे उभंच असतं, आणि मग सगळ्या परिसरातली रानडुकरं त्याच एका शेतात उतरतात. डुक्कर खातं थोडं आणि लोळून नासवतं जास्त.

मामा पंधरा-वीस रात्री जागलीला गेला. मग तापानं पडला. घरात दुसरं कोणी जाणारं नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी त्याने बांधीभोवती तार फिरवली आणि वरच्या लाइनवर आकडा टाकला. गावात असं करणारा तो पहिला नव्हता.

पहाटे चारला त्याने मला उठवलं. मी उड्या मारतच निघाले, कारण मला वाटलं डुक्कर पडलं असेल आणि घरी मटण होईल. तारेपाशी शेजारच्या काकांचा गोऱ्हा पडला होता. रात्री दावं तोडून आला असणार. त्या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदा जुंपायचं ठरलं होतं. मामाने आधी आकडा काढला. मग मामा आणि मोठा दादा खड्डा खणू लागले आणि मी टॉर्च धरला. उजाडायच्या आत सगळं झालं होतं.

दोन दिवसांनी गावात बातमी फिरली की काकांचा गोऱ्हा वाघाने नेला. आदल्या आठवड्यात नाल्यापाशी कोणाला तरी वाघ दिसला होता, त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. काही लोक पिंजरा लावा म्हणून वनखात्याकडे जाऊन आले. आम्ही गप्प. रात्री जेवताना आजी एवढंच म्हणाली, "आपलं पाप त्या वाघाच्या डोक्यावर ठेवलंत." कोणी उत्तर दिलं नाही.

हे सगळं मामाला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "नाव टाकू नको, बाकी टाक."

आता मी शहरात, होस्टेलवर राहते. इथे वाघाचा विषय निघाला की दोनच पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, 'गावकरीच जंगलात घुसले, वाघाचा काय दोष?' दुसरा म्हणतो, 'माणसापेक्षा वाघ मोठा आहे का?' दोन्ही पक्षांतल्या बहुतेकांनी जागलीची एकही रात्र काढलेली नसते. मला यातल्या कुठल्याच बाजूला बसता येत नाही. म्हणून मी प्रश्न थोडा वेगळा विचारते : मारायचं की नाही याच्या आधी, आपण मारतो कसं?

आधी थोडी माहिती. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ होते. २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२ वर गेला, आणि त्यातले ७८५ एकट्या मध्य प्रदेशात. कान्हा राष्ट्रीय उद्यान मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलं आहे. कान्हा आणि पेंच यांना जोडणारा जंगलपट्टा आमच्या बालाघाट आणि सिवनीतून जातो. वाघाचं पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं आणि स्वतःचा इलाखा शोधायला निघतं. ते रस्त्यात भेटणारी गावं, धुरे, नाले ओलांडणारच. आपण म्हणतो 'वाघ गावात शिरला'. खरं तर बऱ्याचदा तो फक्त गावावरून जात असतो.

म्हणून माणसं मरतच नाहीत असं मी म्हणणार नाही. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना माणूस पहाटे वाकून किंवा उकिडवा बसून काम करतो. त्या उंचीवर तो वाघाला माणूस वाटत नाही. ज्या घरातली बाई मोह वेचायला गेली आणि परत आली नाही, त्या घरासमोर उभं राहून कॉरिडॉरचं महत्त्व सांगायची हिंमत माझ्यात नाही. कोणात असूही नये.

आणि कायदाही इतका आंधळा नाही जितकं आपण समजतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचून मला आश्चर्य वाटलं. बंदूक चालवणं म्हणजेच शिकार, असं तिथे नाही. फासा लावणं, सापळा लावणं, विष घालणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, ही सगळी शिकारच. म्हणजे त्या रात्री मामाने शिकार केली होती, डुक्कर पडलं नाही तरी. पण त्याच कायद्याचं कलम ११ सांगतं की वाघ माणसाच्या जिवाला धोका झाला असेल तर त्याला मारण्याची परवानगी देता येते. मात्र त्याआधी त्याला पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही किंवा दुसरीकडे हलवता येत नाही, याची मुख्य वन्यजीव रक्षकाला खात्री पटली पाहिजे आणि कारणं लेखी दिली पाहिजेत. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासारख्या प्राण्यांसाठीही परवानगीची तरतूद आहे. थोडक्यात, कायदा म्हणतो : मारायची वेळ आली तर कोणाला मारतोय आणि का, हे आधी नीट बघा.

तार हे बघत नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

जुन्या शिकारीचं गुणगान मला करायचं नाही. इंग्रजांच्या काळात आमच्या या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्ये साहेबलोक शिकारीचे ब्लॉक घ्यायचे. गावातल्या गरिबांना हाक्याला लावून वाघ मचाणासमोर आणायचे आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढायचे. त्यात कसली नीती? तरी बंदूकवाल्याला निदान समोर बघावं लागायचं. पिल्लांची आई आहे का, मध्ये माणूस आहे का, हे दिसल्यावर तो थांबू शकत होता. तार लावणारा घरी झोपलेला असतो. तारेला डुक्कर, वाघ, गोऱ्हा, शेजारी, रात्री शौचाला निघालेलं पोर, सगळे सारखेच.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. २०१७ मध्ये ब्रह्मपुरी भागात माणसांवर हल्ले केलेल्या एका तरुण वाघिणीला पकडून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून वर्धा जिल्ह्यातल्या बोर प्रकल्पात सोडलं. ती तिथून निघाली आणि कित्येक किलोमीटर हिंडली. पुन्हा माणसं मेली. तिला ठार करण्याचा आदेश निघाला, त्याविरुद्ध काही लोक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. तिला मारणं योग्य की अयोग्य यावर न्यायालयात वाद झाला, पेपरांत लेख आले, तिचं प्रत्येक पाऊल सॅटेलाइटवर दिसत होतं. आणि ऑक्टोबरमध्ये ती एका शेताच्या कुंपणातल्या करंटने मेली. ते कुंपण तिच्यासाठी नव्हतंच, डुकरांसाठी होतं. तिला शिक्षा व्हायला हवी होती असं मानणाऱ्यांनाही हा न्याय वाटला नसेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागभीडजवळ 'जय'चा छावा 'श्रीनिवास' असाच तारेने मेला आणि त्याला शेतातच पुरलं होतं. ही बातमी वाचली तेव्हा मला टॉर्चचा तो गोल उजेड आठवला.

पिंजऱ्याचंही थोडंफार असंच आहे. बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची. पण पिंजऱ्यात येतो तो त्या रात्री भुकेला असलेला आणि तिथून जाणारा प्राणी, हल्ला केलेलाच येईल असं काही नाही. जुन्नर भागात मागे असे बिबटे धरून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं की या हलवाहलवीनंतर माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले. आपल्याला 'काहीतरी केलं' याचं समाधान मिळालं, पण नेमकं कोणाला धरलं हे कोणी बघितलं नाही.

मी कॅथलिक घरातली आहे, त्यामुळे या विषयावर घरी आणि चर्चमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : देवाने माणसाला सगळ्या प्राण्यांवर सत्ता दिली. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ते आहे, खरं आहे. पण लगेच दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या पत्रात हेच दाखवून दिलं की सत्ता म्हणजे मनमानी असा अर्थ लावणं चुकीचं आहे. राखण हा शब्द मला फार जवळचा वाटतो, कारण आमच्याकडे जागल म्हणजे दुसरं काय? आणि राखण डोळे मिटून होत नाही.

असिसीच्या संत फ्रान्सिसची गुब्बियोच्या लांडग्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. आपल्याला आठवतं ते एवढंच की संताने लांडग्याला माणसाळवलं. पुढचा भाग आपण विसरतो. त्या गोष्टीत करार दोन्ही बाजूंनी होतो. लांडग्याने माणसाला इजा करायची नाही, आणि गावाने लांडग्याला रोज खायला घालायचं, कारण तो भुकेपोटी मारत होता हे संताने ओळखलं होतं. शांततेचा खर्च सगळ्या गावाने वाटून घेतला. बैहरकडचे बैगा आणि गोंड वाघाला देव मानतात, महाराष्ट्रात वारली लोक वाघोबा पुजतात. त्यातही मला तसाच करार दिसतो : तू भीतीदायक आहेस हे आम्हाला माहीत आहे, तरी तुझी जागा आम्ही मान्य करतो.

आज हा खर्च कोण उचलतंय? वाघ देशाचा, पर्यटन कान्ह्याचं, फोटो आपल्या मोबाइलवर आणि नासाडी मात्र एकट्या मामाच्या बांधीत. पीक गेलं तर पटवाऱ्याच्या मागे फिरा, जनावर गेलं तर वनखात्याच्या मागे. पंचनामा होईपर्यंत धान कापायची वेळ निघून जाते. अशा माणसाला 'तार लावू नको' एवढंच सांगणं म्हणजे आपणही डोळे मिटूनच बोलणं झालं.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. शेतीची वीज दिवसा द्या, म्हणजे पंप चालू करायला रात्री शेतात जावं लागणार नाही. पिकाची भरपाई एकाच ठिकाणी आणि हंगाम संपायच्या आत द्या. सौर कुंपण, ज्याला आमच्याकडे झटका मशीन म्हणतात, ते प्रत्येकाला नाही तरी दहा-बारा शेतकऱ्यांना मिळून घेता येईल अशी मदत करा. त्याचा झटका बसतो, पण जीव जात नाही. धान भरण्याच्या दिवसांत वीज आणि वन या दोन्ही खात्यांच्या माणसांनी लाइनवर रात्री एकत्र फिरावं. आणि चर्चने, ग्रामसभेने, गणेश मंडळाने, ज्याचं ज्या गावात चालतं त्याने, हे उघड बोलावं की तार लावणं हे पाप आहे आणि तारेने मेलेलं मटण ताटात घेणं हा त्यातला वाटा आहे. नववीतल्या मला हे कोणी सांगितलं असतं तर त्या पहाटे मी उड्या मारत गेले नसते.

वन्यजीव सप्ताह २ ते ८ ऑक्टोबरला असतो आणि संत फ्रान्सिसचा सण ४ ऑक्टोबरला. बरोबर त्याच दिवसांत शेतात धान भरत असतं. दरवर्षी आपण कॉलेजमध्ये वाघाची पोस्टर्स रंगवतो. यंदा एक रात्र कोणाच्या तरी जागलीला जाऊन बसलो तर? मी घेऊन जाईन, मामा चहा देईल.

गोऱ्ह्याचं काय झालं ते राहिलंच. दोन वर्षांनी मामाने काकांना सगळं सांगितलं आणि गोऱ्ह्याचे पैसे पुढे केले. मला वाटलं भांडण होणार. काकांनी पैसे घेतले, मोजले, खिशात ठेवले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या वर्षी जागलीला दोघं मिळून बसू." तेव्हापासून बसतात. डुकरं अजूनही येतात, थोडं धान जातंच. पण कोण आलंय, हे दोघं बघतात.