पाचवा आठवडा

महिन्याचे आठवडे किती, असे कोणालाही विचारले तर उत्तर येते, चार. फेब्रुवारीचा अपवाद सोडला तर ते कधीच खरे नसते. १२ महिन्यांचे चार-चार आठवडे धरले तर होतात ४८. वर्षात असतात ५२. मग हे मधले चार आठवडे जातात कुठे? माझी सारी नोकरी बँकेत आकडेमोड करण्यात गेली, पण या प्रश्नाचे उत्तर मला बँकेच्या खातेवहीत नव्हे, आईच्या हिशेबाच्या वहीत सापडले.

वडिलांचा पगार एक तारखेला होई. भाडे, फी आणि वाण्याची मागची बाकी वजा जाता जे उरे, त्याचे आई चार भाग करी आणि चार पाकिटांत घालून डब्यात ठेवी. एका पाकिटात एक आठवडा. ती गेल्यावर वही चाळली, तेव्हा ध्यानात आले की २९, ३०, ३१ या तारखांपुढे बहुधा काहीच लिहिलेले नाही. खर्च नव्हता म्हणून नव्हे. पैसे नव्हते म्हणून. पण त्या दिवशीही आम्ही भावंडे जेवलो होतो. पिठले-भात, कुळथाची पिठी, भाजीऐवजी ताकाची कढी. आम्हांला तर ते आवडायचेही! आई त्या दिवसांत काय जेवली, हे मात्र आमच्यापैकी एकालाही आठवत नाही.

पुढे आठवडी बाजाराच्या एका गावी माझी बदली झाली. म्हशीसाठी कर्ज मागायला आलेल्या एका बाईंना मी अर्जातल्या रकान्याप्रमाणे महिन्याचा घरखर्च विचारला. त्या म्हणाल्या, "साहेब, महिना तुमचा. आमचं सगळं बाजारावर." मजुरी बाजाराच्या दिवशी हाती येणार आणि त्याच संध्याकाळी तेल, मीठ, डाळीत जाणार. "आणि कमी पडलं तर?" "भागवते." मी रकान्यात एक गोल आकडा भरला आणि पुढे गेलो. 'भागवते' हा शब्द भरायला अर्जात जागा नव्हती.

आज रेशनचे धान्य आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार पात्र कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३पासून तेही मोफत. ही मोठीच गोष्ट आहे. पण त्याने पोट भरते, ताट नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या आहारात रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सांगितली आहेत. चौघांच्या घराला आठवड्याला जवळजवळ २ किलो ४०० ग्रॅम! आपापल्या घरची यादी आठवून पाहावी. अनेक घरांत एवढी डाळ महिनाभर पुरवतात. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली, २०२३च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली. अशा वेळी घरभाडे कमी होत नाही, विजेचे बिल थांबत नाही. कात्री लागते ती डाळ, दूध, भाजीला. आणि उरलेल्या पातळ वरणाची वाटणी कशी होते, हे सांगायला नको. आधी मुले, मग पुरुष, मग पातेल्यात उरेल ते.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाचे पुरुष २५ टक्के. याला इतरही कारणे आहेत, हे मान्य. पण एकाच छपराखाली, एकाच चुलीवर शिजवलेले खाणाऱ्यांत एवढा फरक पडावा, यात 'भागवण्या'चा काहीच वाटा नसेल?

'काटकसरी गृहिणी' म्हणून आपण जिचे कौतुक करतो, तिची काटकसर पुष्कळदा तिच्याच ताटातून झालेली असते. बँकेत अशी तूट कोणी दडवली असती तर आम्ही चौकशी लावली असती. घरात तिला आपण सुगरणपणा म्हणतो!

म्हणून एक साधा हिशेब सुचवतो. किराणा-भाजीला महिन्याचे १०,००० रुपये असतील तर चाराने भागून २,५०० धरू नयेत. १२ने गुणून ५२ने भागावे. येतात साधारण २,३००. दर आठवड्याचे ते दोनशे बाजूला राहिले की २९ तारीख कोरी जात नाही. यादीत डाळ-कडधान्य पहिल्या ओळीत लिहावे, बाकीचे नंतर. मटकी, चवळी, हरभरा आलटूनपालटून आणावेत, भिजवून मोड आणावेत. भाजी बाजार उठताना घ्यावी. एवढे करूनही ज्यांचे भागणार नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. तिथे प्रश्न हिशेबाचा नसून मजुरीचा आहे, आणि तो गृहिणीच्या शहाणपणावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

ज्यांचे भागते, त्यांनी आज रविवार आहे तर सर्वांची पाने एकदम मांडावीत. वाढणारीचेही. वरण तिला पुरते की नाही, ते तेव्हाच दिसेल.