जे शोधात सापडत नाही

माझी भाची समाजशास्त्रात एम.ए. करते. मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यांतल्या कामगार स्त्रिया हा तिच्या लघुप्रबंधाचा विषय. गेल्या महिन्यात तिने संदर्भांची यादी पाठवली, "मामू, एकदा बघा ना." वीसपैकी चार संदर्भ कुठेच सापडेनात. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, पण त्या नावाचा लेख कधी छापलाच गेलेला नाही. यादी तिने चॅटबॉटकडून घेतली होती.

तिला रागावण्यात अर्थ नव्हता. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले कोर्टात दाखले म्हणून सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. ते तर मुरलेले वकील होते!

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून यातला फरक सांगतो. १९९८ मध्ये गुगल आले, तेव्हा त्याची युक्ती संशोधनाच्याच जगातून आलेली होती : ज्या लेखाचा दाखला जास्त जण देतात, तो महत्त्वाचा. युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानलेखांच्या दाखल्यांची सूचीच काढली होती. गुगलने दाखल्यांच्या जागी लिंक मोजल्या. त्यात चुका होत, पण दाखवलेले पान निदान कुठेतरी असायचे. भाषेचे मॉडेल मात्र पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधते. विषयावर मजकूर भरपूर असेल तर अंदाज जुळतो. तुटपुंजा असेल तर ते पोकळी स्वतःच भरते.

आणि आपल्या विषयांवर मजकूर तुटपुंजा का? कुणी लिहिलेच नाही, असे नव्हे. विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध 'शोधगंगा'वर फुकट वाचता येतात. पण कितीतरी मराठी प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालेले, नाहीतर नुसते स्कॅन करून चढवलेले. आपल्या डोळ्यांना 'यंत्रमाग' दिसते, संगणकाला रोमन अक्षरांचा गोंधळ. उर्दूची तीच गत. इनपेजमध्ये जुळवलेली पाने वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे चित्र म्हणून टाकत आली. म्हणजे मालेगावने स्वतःबद्दल ज्या दोन भाषांत लिहिले, त्यातले बरेचसे शोधाच्या बाहेरच राहिले. मला हे त्या चार खोट्या संदर्भांपेक्षा गंभीर वाटते. प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारायचा, एवढा एक नियम विद्यापीठांनी कडकपणे पाळला तरी पुष्कळ काम होईल.

इंग्रजी नियतकालिकांचा प्रश्न वेगळा, पैशाचा. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केली. ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके. योजना चांगलीच आहे, पण सरकारी संस्थांसाठी. भाचीचे कॉलेज खासगी, विनाअनुदानित. घराजवळ आहे म्हणूनच तिला तिथे शिकायची परवानगी मिळाली होती.

मग आम्ही दोन रविवार बसलो. गुगल स्कॉलरवर लेखाच्या खाली 'ऑल व्हर्जन्स' असते, तिथे कधी लेखकाने स्वतः ठेवलेली मोफत प्रत मिळते. ओपनअ‍ॅलेक्स २०२२ पासून सर्वांना खुले आहे. शोधगंगेत शब्द टाकून शोधण्याऐवजी विद्यापीठ आणि विभागानुसार याद्या चाळल्या, तेव्हा उपयोगाचे तीन प्रबंध हाती लागले.

उर्दू अंक राहिले. भाचीला उर्दू वाचता येत नाही, तिच्या अम्मीला येते. पुढच्या आठवड्यात दोघी मालेगावच्या एका जुन्या वाचनालयात जाणार आहेत. अम्मी वाचणार, लेक तारीख आणि पान क्रमांक टिपणार. यादीतल्या त्या चार जागा तोवर रिकाम्या ठेवल्या आहेत.