पुलावरची गर्दी कुणाचं नाव घेते?

जपानी चित्रकार हिरोशिगे याचं ‘र्‍योगोकुची आतषबाजी’ हे १८५८ सालचं ठसाचित्र. ‘जपानची उन्हाळी रात्र, किती सुंदर!’ एवढं म्हणून बहुतेक लोक पान उलटतात. मला ते इतकं सोपं वाटत नाही.

कागदाचा बराचसा भाग काळोखानेच व्यापला आहे. खाली सुमिदा नदी आणि होड्या, मध्ये लाकडी पूल, पुलावर मुंगीएवढी माणसं. चेहरा एकाचाही दिसत नाही. वर फुटलेल्या दारूच्या ठिणग्या फिकट, तांबूस. (लाल-हिरवे रंग जपानात १८६८ नंतर, परदेशी रसायनं आल्यावर दिसू लागले.)

आता तारखा पाहा. १८५५ मध्ये एदो, म्हणजे आजचं टोकियो, भूकंपाने आणि आगींनी उद्ध्वस्त झालं होतं. हजारो माणसं गेली. चालू घडामोडींवर चित्रं छापायला बंदी होती, छापण्याआधी सरकारी तपासनिसाची मंजुरी लागे. १८५६ पासून हिरोशिगे त्याच शहराच्या एकेका जागेचं चित्र काढत गेला, शंभराहून जास्त. ही रात्र त्यांतलीच. लोक पुन्हा नदीवर जमले आहेत, ही माझ्या मते बातमीच होती. तिला बातमी म्हणता येत नव्हतं इतकंच. १८५८ मध्ये शहरात कॉलरा पसरला. त्याच वर्षी हिरोशिगेही वारला.

या आतषबाजीची एक कथा सांगतात. १७३२ च्या दुष्काळात आणि साथीत मेलेल्यांसाठी शोगुन योशिमुने याने १७३३ मध्ये ती सुरू केली म्हणे. या कथेला त्या काळातला पुरावा नाही, ती बरीच नंतरची आहे, असं आता अभ्यासक म्हणतात. दारूचा खर्च तर नदीकाठचे खानावळवाले आणि होडीवाले करत! पैसा त्यांचा, नाव मात्र शोगुनचं. असला हिशोब आपल्याला काही नवा नाही.

पण गर्दीचा हिशोब वेगळा होता. पुलाच्या एका बाजूला कागिया नावाचं दारूकामाचं घराणं, दुसऱ्या बाजूला तामाया. तामाया त्याच कागियातून फुटून निघालेलं. दारू उडाली की लोक आवडत्या घराण्याचं नाव घेऊन ओरडत. १८४३ मध्ये तामायाच्या जागेत आग लागली, ती आसपासच्या घरांत पसरली, आणि शोगुन निक्कोच्या यात्रेला निघायच्या तोंडावर हे घडलं. मालकाला शहराबाहेर घालवलं. दुकान संपलं.

म्हणजे हिरोशिगेने हे चित्र काढलं तेव्हा तामाया जाऊन पंधरा वर्षं झाली होती. नदीवर उरलं ते कागिया, आणि ते घराणं आजही आहे. तरी जुलैच्या शेवटी सुमिदाकाठी आकाश उजळतं तेव्हा लोक ओरडतात, “तामाया!”