घरावरची नोटीस समजेल अशी लिहा

पोस्टमन बँकेचं रजिस्टर घेऊन आला, तर ते परत पाठवू नका. कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात कर्जदारांची प्रकरणं चालवणारी वकील म्हणून हे मी भेटेल त्याला सांगते. तरीही ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडलेली पाकिटं माझ्यासमोर येतच राहतात. सही केली नाही म्हणजे नोटीस लागली नाही, अशी लोकांची समजूत. कायदा नेमकं उलट धरतो. नाकारलेली नोटीस मिळाली असंच मानलं जातं आणि थकबाकी भरण्यासाठीचे ६० दिवस तिच्या तारखेपासून कधीच सुरू झालेले असतात.

हा २००२ चा सरफेसी कायदा. हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात, जातं. मग कोर्टाचा हुकूमनामा न घेता बँक गहाण घर ताब्यात घेऊन विकू शकते. कर्जदाराला दिवाणी कोर्टाचं दार बंद असतं. जामीनदारही कर्जदारच मानला जातो. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे, राहतं घर वगळलेलं नाही. सहकारी बँकांना तो लागू आहे की नाही, हा वाद आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका बँकेच्या प्रकरणात मे २०२० मध्ये घटनापीठानं मिटवला. लागू आहे.

कर्जदाराला संरक्षण नाही असं मात्र नाही. नोटिशीवर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. ताब्याची कारवाई झाली की ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, दाद मागता येते. पूर्वी त्यासाठी थकबाकीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागे. मार्डिया केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली ही अट रद्द केली. पहिल्या लिलावाआधी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. विक्रीतून बँकेचं येणं आणि खर्च भागून उरलेली रक्कम घरमालकाची असते.

पण यातलं प्रत्येक संरक्षण तारखेला बांधलेलं आहे. तारीख हुकली की हक्क गेला.

इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकाची पत्नी माझ्याकडे कागद घेऊन आली. चार माग, वरच्या मजल्यावर घर आणि दोन्हींवर एकच बोजा. वसुली अधिकारी म्हणाला, ‘दोन लाख भरा, तडजोडीचं बघू.’ त्यांनी दागिने मोडून पैसे भरले. हातात आली ती फक्त भरणा पावती. तडजोडीचं पत्र कुणी दिलं नाही, यांनीही मागितलं नाही. पुढे माहेरच्यांनी सगळी रक्कम उभी केली, तोवर लिलावाची जाहिरात छापून चार दिवस झाले होते. ‘मॅडम, लिलाव तर अजून व्हायचाय. आम्ही सगळेच पैसे भरतोय, मग का नाही म्हणतात?’

कारण २०१६ मध्ये कलम १३(८) बदललं. सगळं येणं भरून घर सोडवून घेण्याचा हक्क पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत टिकत असे. आता तो लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होताच संपतो आणि २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. एकरकमी तडजोड तर हक्क म्हणून मागताच येत नाही, असं न्यायालयानं २०२१ मध्येच सांगितलं आहे.

तिच्या पिशवीतली मूळ नोटीस मी उघडली. सहा पानं, सगळी इंग्रजीत. शेवटच्या पानावर एक वाक्य होतं: मालमत्ता सोडवण्यासाठी उपलब्ध मुदतीबाबत कर्जदाराचं लक्ष कलम १३ पोटकलम ८ कडे वेधण्यात येत आहे. नियमानुसार हे वाक्य घालावं लागतं, म्हणून घातलेलं. ती मुदत कोणती, कधी संपते, याचा अवाक्षरानं उल्लेख नाही. ज्या कुटुंबाचं छप्पर जाणार, त्याला कलमाचा आकडा देऊन कायद्याचं पुस्तक शोधायला पाठवायचं, याला माहिती देणं म्हणत नाहीत.

माझी मागणी साधी आहे. केंद्र सरकारनं सरफेसीचे नियम बदलावेत आणि मागणी नोटिशीचं पहिलं पान कर्जदाराच्या भाषेत सक्तीचं करावं. त्यावर लिहावं: हरकत कुणाकडे द्यायची, डीआरटी कुठे आहे, ४५ दिवस कधीपासून धरायचे, आणि ‘लिलावाची जाहिरात येण्याआधी पूर्ण रक्कम भरली तरच घर सोडवता येईल’. बिगर-बँक वित्त कंपन्यांनी कर्जदाराला समजेल अशा भाषेत पत्रव्यवहार करावा, असं रिझर्व्ह बँकेची संहिता सांगतेच. ताबा सूचनाही एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापावी लागते. म्हणजे ताबा गेल्याचं गावाला मराठीत कळतं, ताबा वाचवायचा कसा हे घरच्यांना मात्र इंग्रजीत.

बँकांचीही बाजू आहे. बुडीत कर्जाची झळ ठेवीदाराला बसते आणि ठेवीदारही आपल्याच गल्लीतला असतो. पण मराठीत एक पान जोडल्यानं वसुली थांबत नाही. उलट वेळेत पैसे भरले जातात.

दुसरी मागणी अंतराची. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं. सरफेसीच्या प्रकरणात मात्र उच्च न्यायालय सहसा आधी डीआरटीत जायला सांगतं आणि आमची डीआरटी पुण्यात. तिनं महिन्यातून काही दिवस कोल्हापुरात बसावं. ‘दिवाळखोरी जाहीर केली तर सुटू का?’ असंही लोक विचारतात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला सामान्य माणसासाठीचा भाग अजून लागूच झालेला नाही. त्यामुळे सरफेसीतल्या मुदती हाच त्यांचा खरा आधार आहे.

नियम बदलेपर्यंत एवढं करा. रजिस्टर घ्या. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तडजोडीवर एक रुपयाही भरू नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि या भागाच्या खासदारांनी पहिल्या पानाचा हा प्रश्न संसदेत विचारावा. कायदा बदलायची गरज नाही, नियमात एक परिशिष्ट जोडलं तरी पुरेल.